साहेबांना सांगून येते

सुमतीबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती नायगावच्या सभेच्या दिवशी. त्याआधी दोन सभा हातच्या गेल्या होत्या. पण असं होतं कधीकधी, म्हणून त्यांनी ते गिळलं होतं. तिसऱ्यांदाही समितीच्या बायका झेंडे घेऊन नाक्यावर पोचतात तर समोर भिंतीला पांढरा पडदा टांगून सरकारी मोटार आधीच उभी. तेव्हा मात्र त्यांचं डोकं सणकलं.

मोटारीचं प्रकरण साधं होतं आणि म्हणूनच जालीम होतं. सत्तावन्न सालच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणणाऱ्या सरकारला मतपेटीतून उत्तर द्यायचं, म्हणून एरवी एकमेकांच्या सावलीला उभे न राहणारे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मांडवाखाली एकत्र आले होते. रोज दिवेलागणीला कुठल्या तरी नाक्यावर सभा घ्यायची आणि सरकारची सालटी काढायची, असा कार्यक्रम. आणि सभेच्या आधी ही मोटार तिथं हजर. पडद्यावर धरण, धरणातलं पाणी, पाण्यावरची वीज आणि विजेकडे बघून हसणारा एक शेतकरी. फुकटचा सिनेमा म्हटल्यावर पोरंटोरं, म्हातारेकोतारे सगळे पडद्यापुढे, आणि कर्णा असा की समितीच्या वक्त्याला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. लाठीमार झाला असता तर निदान ओरडता आलं असतं. सरकार लोकांना धरण दाखवतंय, ही तक्रार कुणापुढे करायची?

बरं, सभेची जागा आधी कुणाला कळवतच नसत. परळला एका चहाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर समितीची कचेरी होती. तिथं दुपारी तिघं बसत आणि दुसऱ्या दिवशीचा नाका ठरवत. एक राजाराम परब, लालबागच्या गिरणीत साच्यावरचा कामगार, विभागाचा चिटणीस. आंदोलनात तुरुंगाची हवा खाऊन आलेला माणूस, त्याच्यावर कोण शंका घेणार? दुसऱ्या स्वतः सुमतीबाई, शिवाजी पार्कच्या. माहेर गिरगावचं, घराणं जुनं, चार पिढ्या कचेऱ्यांत खर्डेघाशी करून नावारूपाला आलेलं. आंदोलनावरच्या गोळीबारात माणसं मेली आणि या बाई आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात चालल्या, त्या चालतच राहिल्या. तिसरी बकुळा, वरळीच्या बीडीडी चाळीतली, दलितांच्या फेडरेशन पक्षाची. तिच्या एका हाकेसरशी चाळीतल्या चाळीस बायका पदर खोचून बाहेर पडत.

आता तिघांतून दोघं वजा केली की उरतं कोण? सुमतीबाईंनी ही वजाबाकी नायगावच्या नाक्यावर, त्या हसऱ्या शेतकऱ्याकडे बघत केली. आणि मग एकेक गोष्ट आठवू लागली. ही बकुळा रोज बैठक संपली की पदरात कसलीशी पुडी घालते आणि उठता उठता म्हणते, "चला, साहेबांना सांगून येते." रोज. एक दिवस खाडा नाही. पूर्वी ही वरळीला समुद्राकाठच्या एका बंगल्यात भांडी घासायची, आणि त्या बंगल्यात एक बडा सरकारी अंमलदार राहतो, हेही तिनंच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. आपण किती बावळट! ती तोंडावर सांगून जाते आणि आपण 'बरं' म्हणतो!

पण विचारलं तर सावध होईल. त्यापेक्षा खडा टाकून बघावा. दुसऱ्या दिवशी बैठक उठल्यावर त्यांनी बकुळेला जिन्यात गाठलं.

"बकुळाबाई, उद्याची भोईवाड्याची सभा रद्द. उद्या डिलाईल रोडला, पुलाखाली. राजारामला मी सांगेन. तुम्ही मात्र कुणापाशी बोलू नका."

"मी कशाला कुणापाशी बोलतीया?" बकुळा म्हणाली. "साहेबांना तेवढं सांगते."

काय ही छाती! सुमतीबाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघतच राहिल्या. सभा अर्थातच भोईवाड्यालाच व्हायची होती. राजारामला त्यांनी काहीच सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणाला नेहमीप्रमाणे अच्युतराव समोर होते. हे त्यांचे यजमान. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, स्वभावानं गरीब, समितीच्या भानगडीत न पडणारे पण बायकोला न अडवणारे. त्यांचं जेवण कचेरीच्या गोष्टींशिवाय उतरत नसे. साहेब असं म्हणाले, साहेब तसं हसले, बढतीच्या कागदावर साहेबांची सही तेवढी राहिलीय. सुमतीबाई त्या वेळात आमटी वाढत. शेवटी ताकाच्या भाताला ते कौतुकानं विचारत, "मग उद्या कुठं गाजवणार?"

"डिलाईल रोडला. पुलाखाली," सुमतीबाई म्हणाल्या. एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरं सांगितलं की घोटाळा होतो. थाप एकच बरी. शिवाय घरात सांगितलेलं त्या धरतच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ऐनवेळी त्यांनी बकुळेला 'पुन्हा भोईवाडाच ठरला' म्हणून कळवलं, आणि भोईवाड्याची सभा दृष्ट लागावी अशी झाली. मोटारीचा मागमूस नव्हता. सभा राजारामवर सोपवून सुमतीबाई टॅक्सी करून डिलाईल रोडला गेल्या. पुलाखाली पडदा लागला होता, आणि रिकाम्या फुटपाथवर दोन कुत्री आणि एक शेंगदाणेवाला यांच्यासाठी धरणाचं पाणी धो धो वाहत होतं. सुमतीबाईंना संताप आला आणि, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. आपला संशय खरा निघाल्याचा आनंद फार वाईट असतो, पण तो होतो.

राजारामला सांगितलं तेव्हा तो हादरलाच. "बाई, नीट बघितलात मा? माणसाचो इमान काढूचो म्हणजे..."

"डोळ्यांनी पाहिलं. ती जागा मी फक्त तिला सांगितली होती."

राजारामनं कपातला गार चहा बाजूला सारला. मग त्यानं बकुळेला बोलावून घेतलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कारण सांगायचा त्याला धीर झाला नाही. बकुळेनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुमतीबाईंकडे. पुडी पदरात घातली आणि जिना उतरून गेली. त्या दिवशी ती ते नेहमीचं वाक्य बोलली नाही.

ठिणगी पडायची ती पडलीच. दुसऱ्या दिवशी चाळीस बायकांपैकी एकही आली नाही. तिसऱ्या दिवशी वरळीहून निरोप आला: आमच्या मतांचं आमचं आम्ही बघू. हा निरोप वाचायला दोन ओळींचा, पण त्यात समितीचं मरण होतं. कारण हा मतदारसंघ दोन जागांचा. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. एक समितीच्या सर्वसाधारण उमेदवाराच्या पेटीत टाकायची आणि दुसरी राखीव जागेच्या उमेदवाराच्या, म्हणजे फेडरेशनच्या हत्ती या निशाणीच्या पेटीत. शिवाजी पार्कानं दुसरी चिठ्ठी हत्तीला द्यायची आणि वरळीच्या चाळींनी पहिली चिठ्ठी समितीच्या सर्वसाधारण उमेदवाराला, तरच दोघं निवडून येणार. एकानं हात आखडला की दोघंही पाण्यात, आणि सरकार मोकळं.

"तो सायब कोण ता माका दाखवा," राजाराम काकुळतीला येऊन म्हणाला. "नाव कळला तर मी वरळीक जाऊन सगळ्यांका सांगतंय. नायतर कुठच्या तोंडान जाव?"

म्हणून सुमतीबाई त्याच दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला बीडीडी चाळीच्या कोपऱ्यावर पदर डोक्यावरून ओढून उभ्या राहिल्या. अशी पाळत ठेवायची त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला सवय नव्हती. येणारी जाणारी प्रत्येक बाई आपल्याकडेच बघतेय असं वाटून त्यांचे कान तापले होते. बकुळा बाहेर पडली. पांढरं लुगडं, पदरात पुडी. आता ही वळणार समुद्राकडे, बंगल्याच्या रस्त्याला.

बकुळा बंगल्याच्या रस्त्याला वळली नाही. ती सरळ दादरच्या दिशेनं चालत राहिली. चांगली लांबची चाल. सुमतीबाईंना वाटलं, भेटायची जागा बदललेली दिसते, हुशार आहेत! दादरच्या चौपाटीवर स्मशानाच्या अंगाला बकुळा वाळूत उतरली. तिथं आणखी माणसं होती, थोडीच. एक म्हातारा हात जोडून उभा होता. दोन बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. वाळूत फुलं होती, विझलेल्या मेणबत्त्या होत्या. बकुळा खाली बसली, तिनं पुडी सोडली. आत मूठभर शेवंतीची फुलं आणि एक मेणबत्ती. वारा अडवायला तिनं पदराचा आडोसा धरला.

सुमतीबाई चपला हातात घेऊन दहा पावलांवर थांबल्या. बकुळेचा आवाज नीट ऐकू येत होता. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दिवसाची हकिकत सांगावी तशी ती बोलत होती.

"साहेब, आज पण काही काम न्हाई केलं. काढून घेतलंय मला. का, ते सांगत न्हाईत. चाळीतल्या बाया चिडल्यात, मी त्यांना काय सांगू?"

दीडदोन महिन्यांपूर्वी याच वाळूत एका चितेभोवती लाखो माणसं रडत उभी होती. सुमतीबाईंनी ते आपल्या गॅलरीतून पाहिलं होतं, डोळेही पुसले होते. त्यांच्या घरात त्या थोर माणसाला 'डॉक्टर आंबेडकर' म्हणत. 'साहेब' हा शब्द त्यांच्या घरात वेगळ्या कामाला होता. म्हणून तो त्यांना कळला नाही. हातातल्या चपला टाकून त्या तिथंच वाळूत बसल्या.

बकुळेनं वळून पाहिलं. "तुम्ही? इकडं कशा?"

"तुमच्या मागं आले." आता खोटं बोलायची ताकद नव्हती. "साहेब कोण, ते बघायला."

बकुळेला समजायला एक क्षण लागला. मग तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मागोमाग ते नाहीसं झालं. "म्हणजे तो बंगल्यावरचा? बाई, त्याला मी कधी साहेब म्हटलं न्हाई. आम्ही भांडीवाल्या त्याला टकल्या म्हणायचो." ती थांबली. "फितूर समजला व्हय मला?"

"हो," सुमतीबाई म्हणाल्या.

"मी पण काही भोळी न्हाई," बकुळा म्हणाली. "तुमच्या पार्कातल्या बाया हत्तीच्या पेटीत चिठ्ठी टाकत्यात का न्हाई, ह्याची मलाही शंका होतीच. आमच्यात सांगून ठेवलं होतं, शेवटपर्यंत आपला शब्द द्यायचा न्हाई. पण मी तुमच्या मागं माणूस न्हाई लावला. तोंडावर विचारणार होते."

"पण मोटार आली, बकुळाबाई. डिलाईल रोडचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"फक्त मला?"

"फक्त तुम्हाला."

"घरी पण न्हाई?"

"घरी सांगितलं, पण ते काय..." सुमतीबाई बोलता बोलता थांबल्या.

बकुळा मेणबत्तीकडे बघत होती. "तुमचे मालक सरकारी कचेरीत ना?" ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "त्यांना पण असतील साहेब. माझे ऐकून घेत्यात. कुणाला पुढं सांगत न्हाईत."

सुमतीबाई घरी आल्या तेव्हा अच्युतरावांचं पान वाढायची वेळ झाली होती. त्यांनी हातपाय धुतले, पान वाढलं. बोटांत अजून वाळू होती. त्या कधी नव्हे ते आमटीकडे न बघता नवऱ्याकडे बघत बसल्या, एकेक शब्द ऐकत.

"आज साहेब भलतेच खुशीत," अच्युतराव म्हणाले. "बढतीचा कागद काढायला सांगितलाय म्हणे. फार आपुलकीचा माणूस. रोज तुझी चौकशी करतात, बघ. म्हणतात, 'काय कोठारे, वहिनी उद्या कुठं गाजवणार आहेत?' मी सांगतो आपलं. त्यांना कौतुक आहे तुझं."

त्यांच्या चेहऱ्यावर पाप नव्हतं. तेच सुमतीबाईंना सहन होईना. पाप असतं तर भांडता आलं असतं. हा माणूस पंचवीस वर्षं आपल्यासमोर हेच सांगत आला आणि आपण एकदाही ऐकलं नाही. आणि जिचं ऐकलं, तिला फितूर ठरवलं. त्यांना रडू आलं, पण त्यांनी ते आवरलं. आधी करायचं काम होतं.

अच्युतराव ताकाच्या भातापर्यंत आले. "मग उद्या कुठं?"

"वरळीला," सुमतीबाई म्हणाल्या. "बीडीडी चाळींच्या पटांगणात. साहेबांना नक्की सांगा."

"सांगतो की."

"आणि मी काय बोलणार तेही सांगा. बकुळाबाईंची सगळ्यांसमोर माफी मागणार आहे. बातमी त्यांच्याकडून जात नव्हती, माझ्या घरातून जात होती, कचेरीतल्या साहेबांकडे, हे सांगणार आहे. तुमचं नाव घेऊन."

अच्युतरावांचा घास हातातच राहिला. ते बायकोकडे बघत राहिले, मग पानाकडे. बढतीचा कागद, साहेबांची सही, रोजची ती आपुलकी, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. कारण तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"सुमती," ते कसेबसे म्हणाले, "नाव घ्यायलाच हवं का गं?"

"तिचं घेतलं होतं मी," सुमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या भातावर ताक वाढलं.