बापाला दोन नंबर

आमच्या क्रेगहेवन वॉर्डात कौन्सिलच्या जागा तीन. त्यातली एक हेक्टर मेल्ड्रमची, असं आम्ही धरूनच चाललो होतो. मी त्याची शेजारीण, दर निवडणुकीत त्याची पत्रकं वाटणारी.

बंदराजवळचा वृद्धाश्रम बंद करायच्या ठरावावर हेक्टरने पक्षाच्या सांगण्यावरून हात वर केला. त्याची स्वतःची आई तिथे होती. तिला पार डोंगरापलीकडच्या गावी हलवलं. तिथे ती कुणाशी बोलेना, खाईना. हिवाळा काही तिने काढला नाही.

त्याची मुलगी ऐल्सा आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. दफनानंतर तिने बापाशी बोलणं टाकलं आणि मे महिन्यातल्या निवडणुकीसाठी अपक्ष म्हणून अर्ज भरला.

"बापाच्या विरुद्ध उभी राहतेस?" नेटा, तिची आई, रडायलाच लागली.

"विरुद्ध कुठे गं आई? तीन जागा आहेत. बसू देत की ते. मी शेजारी बसेन आणि भर सभेत विचारेन, आजीच्या वेळी हात कसा उचलला."

हेक्टर चहाचा कप तसाच ठेवून बाहेर निघून गेला.

मतमोजणी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी क्रीडासंकुलात झाली. आमच्याकडे मतपत्रिकेवर पसंतीचे एक, दोन, तीन असे आकडे घालतात. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. दोन जागा भराभर लागल्या. तिसरीसाठी उरले तिघं: हेक्टर, ऐल्सा आणि एक दुकानदार. ऐल्सा थोडक्यात तळाला होती. ती बाद झाली, तिच्या मतांची वाटणी झाली आणि हेक्टर निवडून आला.

लोक टाळ्या वाजवत होते. तो माझ्याकडे वळला. "तिची मतं मला? तिची माणसं तर माझ्या नावाने बोटं मोडतात."

मला राहवलं नाही. "अरे, तीच दारोदार सांगत होती. कुणी विचारलं, 'मग तुझ्या बाबांचं काय?' तर म्हणायची, 'मला एक द्या, बाबांना दोन.'"

तो तसाच बाहेर धावला. मीही मागे गेले. ऐल्सा गाडीत बसत होती.

"ऐल्सा, का केलंस असं?"

"तुम्ही पडावं असं मला कधीच वाटलं नाही, बाबा."

"मग विचार ना. भर सभेत कशाला, इथेच विचार. हात कसा उचलला ते सांगतो मी."

"आता ऐकून काय करू? आजी थोडीच परत येणार आहे." तिने गाडी सुरू केली.

उन्हाळ्यात ती दूर उत्तरेला शेटलंडच्या बेटांवर कामाला गेली. हेक्टरने फोन केला, "राजीनामा देतो. पोटनिवडणूक लागेल, तू उभी राहा." ती म्हणाली, "लोकांनी तुम्हाला बसवलंय. बसा." आणि मग आईला फोन द्यायला सांगितलं.

नाताळात नेटा एकटीच लेकीकडे निघाली. तिची पिशवी बसमध्ये चढवून हेक्टर खाली उभा राहिला.

"तिला काही सांगू?" नेटाने विचारलं.

तो पायरीपर्यंत पुढे आला आणि परत मागे सरला. ड्रायव्हरने दार लावलं. बस गेल्यावर मीच त्याच्या दंडाला धरून त्याला घरी आणलं.