घंगाळातले पाय

सावित्रीबाईंना पुस्तकाचा राग यायचा, आणि तोही कसा, तर पुस्तक मिटून उशीखाली दाबून ठेवण्याइतका! हैदराबादेत डॉक्टरी शिकून त्या मोमिनाबादच्या, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या, जनाना दवाखान्यात आल्या त्याला सहा वर्षं झाली होती. मेंदूचे निरोप पायापर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूंचं त्यांना भारी वेड. या तंतूंवरचं आवरण जागोजागी सुजतं, झडतं आणि निरोप वाटेतच अडकतात, असा एक आजार पुस्तकात होता. खाली एक ओळ होती: हा थंड मुलखातला रोग, हिंदुस्थानात दिसत नाही.

दिसत नाही, की कुणी बघितलंच नाही? सावित्रीबाई स्वतःलाच विचारायच्या, आणि पाय ओढत चालणाऱ्या, नजर जाऊन परत आलेल्या बायकांची टिपणं वहीत उतरवत राहायच्या.

पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी नांदूरघाटच्या मंजुळाबाई सुनेला दंडाला धरूनच आत आल्या.

"डाक्टरीनबाई, एक कागद लिवून द्या. हिला कायबी झालं न्हाई म्हणून."

"अहो, आधी तपासू तर द्या!"

"तपासा की. चुलीपुढं बसली की हिचा पाय लुळा पडतो, डोळ्याला दिसंना होतं. अन् वाऱ्याला जाऊन बसली की ठणठणीत! असा कुठं आजार असतो व्हय? ढोंग हाय निस्तं. आमचे मालक भाईर गाडीत बसलेत. कागद मिळाला की हिला तशीच म्हायेरी नेऊन सोडायची. कायमची."

सून वत्सला, विशीची पोर, खालमानेनं पुटपुटली, "मलाबी कळंना झालंय, मी ढोंग करते का काय."

हे ऐकलं आणि सावित्रीबाईंचे कान टवकारले. त्यांनी तिला चालवून पाहिलं. नीट चालली. सुईत दोरा ओवायला दिला, तर एका झटक्यात ओवला. आता पंचाईत! काहीच सापडलं नाही, तर आजार आहे असं कागदावर खोटं कसं लिहायचं?

एक परीक्षा राहिली होती. तळव्याच्या कडेनं टाचेपासून वर किल्ली ओढली की धडधाकट माणसाचा अंगठा खाली वळतो. तंतूंत बिघाड असला तर वर उठतो. ढोंग करणाऱ्याला हे ठाऊकच नसतं! सावित्रीबाईंनी किल्ली ओढली. अंगठा ढिम्म हलला नाही. जन्मभर अनवाणी ढेकळं तुडवलेला तळवा तो, किल्ली दगडावरून गेल्यासारखी खर्रकन गेली. पुस्तक लिहिणाऱ्यांचे रोगी बूट घालत असणार!

"सुंदरबाई," त्यांनी आयाला हाक मारली, "घंगाळात सोसेल तेवढं कढत पाणी आणा. तळवे मऊ होऊ देत."

वत्सलानं पोटऱ्यांपर्यंत पाय बुडवले. थंडी म्हणून सुंदरबाईंनी तिच्या अंगावर घोंगडं टाकलं, शेगडीही जवळ सरकवली. मंजुळाबाई समोरच बसून कुरकुरत होत्या, "वा गं म्हाराणी! शेक काय, घोंगडं काय!"

वत्सलाचा चेहरा लालबुंद झाला. शेगडीच्या धुरानं ती उजवा डोळा चोळू लागली. तो तसाच दाबून सासूकडं बघत घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, कुंकू कशाला पुसलंत?"

मंजुळाबाईंचा हात कपाळाकडं गेला. मेणावर रेखलेलं रुपयाएवढं कुंकू जिथल्या तिथं होतं. "मेले! माझा धनी जिता हाय भाईर!" त्या हात उगारून उठल्या.

सावित्रीबाईंनी तो हात वरच्यावर धरला. "थांबा, थांबा! वत्सला, डावा डोळा झाक. आता?"

"हाय की. लालभडक."

"आता उजवा झाक."

"न्हाई... निस्तं धुकं."

पाय पुसून सावित्रीबाईंनी किल्ली ओढली. डावा अंगठा असा ताठ वर उठला की सुंदरबाईंनी "अगं बया!" म्हणून पदर तोंडाला लावला.

"माझाबी बघा," मंजुळाबाई म्हणाल्या आणि पाय घंगाळात घालून बसल्या. किल्ली ओढल्यावर त्यांचा अंगठा मुकाट खाली वळला.

तोवर घोंगडं काढून, शेगडी हलवून वत्सलाला ओल्या फडक्यानं पुसलं होतं. थोड्या वेळानं उजवा डोळा झाकून ती हळूच म्हणाली, "आलं... कुंकू दिसाय लागलं."

चूल! शेगडी! सावित्रीबाईंना टाळी वाजवावीशी वाटली. अंग तापलं की सुजून गेलेल्या तंतूंतला निरोप अडतो, निवलं की पुन्हा चालू! पण समोर मंजुळाबाईंचं तोंड बघून त्या थांबल्या.

"बरी व्हईल का?" मंजुळाबाईंचा आवाज उतरला होता.

"ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण ढोंग नाही, एवढं लिहून देते."

"कशाला लिवता? चूल टाळायला करंल एखादी ढोंग. पण सवाष्णीला आसलं कुणी जाणून बोलतं व्हय?" मंजुळाबाई दारात गेल्या आणि ओरडल्या, "आवो, बैलं घराकडं वळवा!" मग मागं वळून सुनेला म्हणाल्या, "भाकऱ्या मी थापीन. दळण मातर तुझं."

"दळताना हिचा डोळा कसा राहतो?" सावित्रीबाईंनी घाईनं विचारलं. "मला कळायला हवं. पहाटे, गारव्यात, आणि मग उन्हात."

"मी शेजारी बसून बघते की," मंजुळाबाई म्हणाल्या. "उजवा येगळा, डावा येगळा."