धोंडूचा वाटा

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, नियम तोंडवळीच्या किनाऱ्यावर कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छातीही नाही. जाळ्याच्या दोरीला जो हात लावील, त्याला माशांचा वाटा. आणि दोरी ओढता ओढता जो आजारी पडला, त्याचा वाटा घरपोच. धोंडूच्या घरी असा वाटा चार वर्षं येत होता आणि त्यातल्या एकेका बांगड्याचा त्याला राग होता.

कंबर धरली होती. फोटो काढून झाले, पट्टे बांधून झाले, गोव्याला दाखवून झालं. भिण्यासारखं काही नाही, पण दुखणं राहणार, विश्रांती घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. विश्रांतीचं आणि धोंडूचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आठवडाभर तो खाटेवर कुथत पडायचा. मग एखाद्या सकाळी कंबर मोकळी वाटली की थेट किनाऱ्यावर, आणि चार जणांचं एकटाच ओढायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हाच पीळ.

शेवटी त्याच्या बायकोने, काशीबाईने, त्याला गावच्या दवाखान्यात तेजस्वीसमोर नेऊन बसवलं. तेजस्वी कणकवलीची. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे दुखणं सांभाळून रोजची कामं कशी करायची ते शिकवणारी; आठवड्यातून एकदा गावात यायची. ही मालिश करणार असं धरून धोंडूने सदरा वर केला.

"सदरो खाली घेवा, काका," ती हसली. "दुकता खंय ता सगळ्यांनी इचारल्यानी आसतला. तुमका करूचा काय आसा, ता सांगा."

हे खरंच कुणी विचारलं नव्हतं. धोंडू गांगरला. मग म्हणाला, "नारळी पुनवेनंतर रापण लागतली. माका दोरयेर माजी जागा होयी."

"पयल्या दिसाची माका काळजी नाय. पयल्या दिसाक तुमी ओढतल्यातच. आपण दुसऱ्या दिसाची तयारी करूया."

पावसाळाभर ती तयारी चालली. विहिरीचं पाणी भरलेल्या घागरीने नको, अर्ध्या कळशीने आणायचं. उठताना आधी कुशीवर वळायचं. पडवीच्या खांबाला दोरी बांधून कमरेने नाही, पायांनी ओढायचं. काशीबाई चुलीपाशी बसून म्हणायची, "खांब पडलो तर घर कोण बांदतला?" पण सदऱ्याची बटणं पोटावर ताणायची थांबली, पायांत जोर आला आणि धोंडू शीळ घालू लागला. दुखणं गेलं नव्हतं. तेजस्वीने ते पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, "ता घरात रवतला. पण घर चालवूक आपण तेका देवचा नाय."

सगळं जमलं, एका गोष्टीवर मात्र घोडं अडलं. दुखू लागायच्या आधीच दोरीवरून हात काढायचा, असं तिचं म्हणणं. धोंडू उसळला.

"जाळा पाण्यात आसताना दोरी सोडूची म्हणजे आपली माणसा सोडूची. बापाशीन माका ह्याच शिकवल्यान."

तेजस्वीने वाद घातला नाही. म्हणाली, "सोडू नकात. दुसऱ्याच्या हातात देवा."

बापाने तरी दोरी कुठे सोडली होती? म्हातारा थकला तेव्हा किनाऱ्याच्या वाळूत ती त्याने धोंडूच्या हातात दिली होती. हे आठवलं आणि धोंडूने मान डोलावली.

पुनव झाली, रापण लागली. होडीने जाळं समुद्रात गोल टाकलं, त्याच्या दोन टोकांच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर आल्या, दोन ठिकाणी माणसं जुंपली. आता रापणीचा कारभार धोंडूच्या पुतण्याकडे, गुरुदासकडे होता. "काका, जपान ओढा," एवढंच तो म्हणाला. त्याच्या मनात उद्याचा घरपोच वाटा होता, हे धोंडूला त्याच्या तोंडावरच दिसलं.

जाळं जवळ आलं, जड झालं, ओरडा सुरू झाला. धोंडूची कंबर अजिबात दुखत नव्हती. तीच खरी मेख होती. अशाच दिवसांनी त्याला आजवर खाटेवर नेऊन आपटलं होतं. त्याने दात आवळले आणि मागच्या धनेशला म्हणाला, "धर." दोरी दुसऱ्याच्या मुठीत गेली. आपले रिकामे हात घेऊन धोंडू बाजूला उभा राहिला, आणि लाजेने त्याचे कान तापले. सगळा गाव आपल्याकडे बघतोय, असं त्याला वाटलं. बघत कुणीच नव्हतं, सगळ्यांचे डोळे जाळ्यावर. याचंही त्याला थोडं वाईटच वाटलं. दम घेऊन तो पुन्हा दोरीला लागला.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा कंबर ठणकत होती. रोजच्याइतकीच. तो कुशीवर वळला, उठला, पेज प्यायला आणि किनाऱ्यावर जाऊन दक्षिणेकडच्या दोरीला उभा राहिला. गुरुदास होता लांब, उत्तरेच्या दोरीवर.

ओढून झालं, वाटे पडले, त्या गडबडीत दोघांची गाठ पडली नाही. धोंडू वाळूत पाय मोकळे करत होता, तेवढ्यात गुरुदास गावाच्या बाजूने परत येताना दिसला. हातात माशांची पिशवी, तोंडावर वैताग.

"काय झाला रे?"

गुरुदास जागीच थबकला. "तुमचो वाटो घेवन घराक गेल्लंय. काकी म्हणता, माणूस घरात नाय."

"नाय," धोंडू म्हणाला आणि हात पुढे केला. "हंयसर दी. मी कामार इलंय."

ती पिशवी त्याने स्वतः घरी नेली, वाटेत दोनदा थांबून, हात बदलून. त्या रात्री बांगड्याचं झणझणीत तिकलं त्याने बोटं चाटून खाल्लं.