मथुरेची फळी आणि पाळण्याचा नियम

सदुसष्टच्या चैत्रात मालाडच्या खाडीकाठी देवीची जत्रा भरली, आणि मथुरा कोळीण फळीवरून गडगडत थेट पाळण्यापाशी आली. तिचे पाय लहानपणीच तापात गेलेले. पाटाएवढी फळी, खाली जुन्या बेअरिंगची चार चाकं. दोन्ही हात जमिनीला रेटले की निघाली वाऱ्यावर. मासळीबाजारात म्हणत, मथुरा आधी ऐकू येते, मग दिसते.

"मना बसाचाय," ती पाळणेवाल्या रामनाथला म्हणाली.

चार पाळण्यांचं लाकडी चक्र, हातानं फिरवायचं. रामनाथनं वंगणाचे हात पुसले. "नाही बाई. मागच्या जत्रेत चक्राचा आस अडकला, पाळणे अर्ध्यावर लटकले. माणसं उड्या मारून उतरली. तू काय करशील? ज्याला उतरता येत नाही, त्याला मी बसवत नाही."

"तीस वर्सां खालशी बगते रं. मान दुखली."

"दुखू दे. मोडण्यापेक्षा बरी."

मथुरेनं मागच्या रांगेकडे पाहिलं. "यांना इचारलास, उतरता येतं का?"

रामनाथ माणूस सरळ; नियम केला तर तो सगळ्यांना. त्यानं रिकामा पाळणा अर्ध्यावर रोखला, शिडी लावली, दांड्याला दोर बांधला. "चला, एकेक. वर शिडीनं, खाली दोरानं."

पहिला गिरणीतला काशीराम. ऐटीत चढला, खाली बघितलं आणि बायकोला म्हणाला, "शिडी धरून ठेव गं. मी तिनंच येतो." मथुरेची भावजय सगुणा तिसऱ्या पायरीवरूनच परतली. "माजा लुगरा नवीन हाय," म्हणाली. बाकीच्यांना एकदम भूक लागली, कुणाला तहान.

मग मथुरा. शिडी तिनं हातांनीच चढली, दोर धरला आणि खोल पाण्यात जाळं सोडावं तशी, हाताखाली हात घेत, सावकाश खाली आली. टोपल्या उचलून घडलेले हात ते.

"आता मना एकलीलाच फिरव," ती म्हणाली. "बाकीच्यांना घरा धाड."

रामनाथनं डोकं खाजवलं. "दोर प्रत्येक पाळण्याला बांधतो, शिडी इथंच राहील. सगळे बसा. पण तुझी फळी खाली. वरून पडली तर कुणाचं तरी टाळकं फुटेल."

"अन् आस अडकला, मी दोरानं उतरली, मंग? फळी आनाला तू चक्र सोडशील?"

"चक्र कसं सोडू?"

"तवा फळी माज्यासंगंच."

तिनं फळी पाळण्याच्या बैठकीखाली घातली आणि होडीच्या नांगराला मारतात तशी दोराची गाठ मारली. रामनाथनं ओढून पाहिली. मग दोन्ही पाय उचलून लोंबकळला. टोपी पडली, गाठ हलली नाही.

चक्र फिरलं. रांगेतल्या बायकांनी टाळी धरली:

पालना गेला वर, दर्या आला गो भेटीला,
मथुरा बसली रानी, फळी बांधून गाठीला.

ती अगदी वर पोचली तेव्हा रामनाथनं चक्र रोखलं. दांडा गच्च धरलेली तिची बोटं त्याला खालूनही दिसत होती.

"भीती वाटतेय काय गं?"

"वाटते," वरून आवाज आला. "तू फिरव."