बाबांच्या कपाटातल्या डाव्या मुठी

कोणी पिस्तूल निवडायला आलं की बाबा आधी त्याच्याकडे किल्ल्यांचा जुडगा फेकायचे. न सांगता. समोरचा दचकून ज्या हाताने झेलेल तो त्याचा खरा हात. "तोंडाला विचारलं तर ते शहाणपणाचं काहीतरी सांगतं," ते म्हणायचे, "हाताला विचारावं."

बाबा नेमबाजी क्लबचे मिस्त्री होते. पिस्तुलं उघडून साफ करायची, अडकणारी सुरळीत करायची, आणि ज्याच्या त्याच्या हाताला बसेल अशी अक्रोडाची मूठ कोरायची. अडतीस वर्षं त्यांनी हे काम क्लबच्या तळघरात, एका खिडकीखालच्या टेबलावर केलं. ते गेल्यावर सहा आठवड्यांनी मी रजा टाकून ते टेबल आवरायला गेले. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. पिस्तूल मी आयुष्यात चालवलेलं नाही. मला तो आवाज सोसत नाही आणि बाबांनी कधी आग्रह केला नाही. पण शाळा सुटल्यावर मी याच टेबलाखाली पुस्तक घेऊन बसायचे, त्यामुळे वर काय चाललंय हे कानावर पडत गेलं.

कानशी फडक्यात गुंडाळत होते तेवढ्यात जिन्यावरून दोघं उतरली. पुढे क्लबचे कप्तान, मागे खाकी गणवेशातली एक उंच बाई. शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. क्लबात तिला सगळे बसवालीच म्हणायचे.

"मिस्त्रींनी मला सोमवारी बोलावलं होतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे त्या सोमवारी."

त्या सोमवारी सकाळी बाबा गेले होते.

"शनिवारी निवड चाचणी आहे," कप्तान म्हणाले. "संघात एकच जागा उरलीय. सहाशेपैकी पाचशे साठ लागतात. हिची मजल पाचशे त्रेपन्नपर्यंत. तीन वर्षं राखीव म्हणून बसतेय बिचारी."

"बिचारी कोणाला म्हणता?" बसवाली म्हणाली. "आणि चव्वेचाळीस वय झालंय माझं. पुढच्या वर्षी राखीवलाही कोणी विचारणार नाही."

तिने कॉलर बाजूला केली. गळ्याच्या हाडावर भाजल्याचे चार-पाच बारके डाग होते. क्लबची पिस्तुलं गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी पुंगळी उजवीकडे फेकतात. उजव्या हाताच्या माणसाला त्याचं काही नाही. ती मोकळ्या हवेत जाते. डावखुऱ्याचं सगळं अंग मात्र पिस्तुलाच्या उजव्या बाजूलाच असतं. गरम पुंगळी थेट कॉलरमध्ये.

"गोळी सुटायच्या आधीच मान आखडते," ती म्हणाली. "मी नाही आखडत. तीच आखडते."

"तर प्रश्न मिटलाय," कप्तानांनी बगलेतली पेटी टेबलावर ठेवली. "नवंकोरं. अंगठ्याचे खटके दोन्ही बाजूंना. उजव्यालाही चालतं, डाव्यालाही. ताई, तुम्ही आवरा तुमचं, आम्ही फक्त यादीत नोंद करायला आलोय."

"दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," मी म्हणाले.

वाक्य बाबांचं होतं. माझ्या तोंडून कसं निघालं कळलं नाही. कप्तान हसले. "मिस्त्री गेलेत कुठे? हे काय, इथेच आहेत. बरं, मग तुम्ही निवडा."

"मी?"

"नाहीतर कोण? मी तर पेटीवरचं वाचून आणलंय."

नाही म्हणायला हवं होतं. पण बसवाली खुर्ची ओढून बसलीही होती, आणि बाबांनी तिला शब्द दिला होता. मी जुडगा उचलला आणि तिच्याकडे फेकला. तिने तो डाव्या हाताने, मान न वळवता, माशी पकडावी तसा पकडला.

"आता डोळा. त्या घड्याळाकडे बोट दाखवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून. आता डावा मिटा."

"बोट सरकलं."

"म्हणजे डोळाही डावाच." हे महत्त्वाचं असतं. हात एक आणि डोळा दुसरा असला की निवड अवघड होते. हिचं सरळ होतं.

मग मी तीन पिस्तुलं मांडली. प्रत्येकाचं नळीमागचं घर उघडून, आत बोट घालून ते रिकामं असल्याची खात्री केली. टेबलाखाली बसणाऱ्या मुलीलाही बाबांनी हे शिकवलं होतं.

पहिलं कप्तानांचं. खटके दोन्हीकडे होते, पण पुंगळी उजवीकडेच जात होती आणि मूठ दोन्ही बाजूंनी सपाट, कोणाच्याच तळव्याला न भेटणारी. दुसरं रिव्हॉल्व्हर. त्यात पुंगळ्या आतच राहतात, कॉलर सुरक्षित. बसवालीला ते आवडलं. पण त्याचा चाप जड. रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर मी तिला तो दहादा ओढायला लावला; सातव्यांदा तिचं मनगट थरथरलं.

"जलद फेरीत पाच गोळ्या किती वेळात?"

"दहा सेकंदांत."

"मग हे नको."

तिसरं कपाटात मागे होतं. जुनं, पण खरं डावखुरं. पुंगळी डावीकडे फेकणारं, खटका डाव्या अंगठ्यापाशी असणारं. त्याला बाबांची मूठ होती. बसवालीने हातात घेतलं आणि तिचा चेहरा बदलला.

"हेच. मिस्त्री हेच म्हणत होते."

"डोळे मिटा. हात उचला. आता उघडा. नळीवरचं पुढचं टोक मागच्या खाचेत कुठे दिसतं?"

"जरा उजवीकडे."

पुन्हा केलं. पुन्हा उजवीकडे. आठ वेळा केलं, आठही वेळा केसभर उजवीकडे. पिस्तूल हाताला बसलं असेल तर डोळे उघडल्यावर टोक बरोबर मध्ये असायला हवं. बाबांची मूठ आणि चुकते? मला ते सहन होईना. मीही डावखुरीच. पिस्तूल घेतलं, डोळे मिटले, डावा हात उचलला, डोळे उघडले.

टोक खाचेच्या बरोबर मधोमध होतं. दोरीने ओळंबा धरावा तसं.

"अरे वा!" कप्तान म्हणाले. "चाचणीला तुम्हालाच उभं करतो."

मी मूठ पाहिली. खाली, करंगळीच्या जागी, आत वळलेली एक खाच होती आणि तिच्याखाली बारीक उंचवटा. माझी करंगळी त्यात चपखल बसली होती. ती वाकडी आहे. मी सात वर्षांची असताना ती याच कपाटाच्या दारात चेमटली होती. दार बाबांनीच लावलं होतं. त्याबद्दल ते कधीही बोलले नाहीत.

मी कपाट पूर्ण उघडलं. नमुन्याच्या डाव्या मुठी अकरा होत्या, आतल्या बाजूला पेन्सिलीने वर्ष घातलेल्या. सगळ्यांत छोटी माझ्या अकराव्या वर्षीची. मग तेरा, सोळा, वीस. "हात दे गं जरा," ते म्हणायचे, आणि मी पुस्तकातून वर न बघता हात द्यायचे. अकराही मुठींच्या खाली तीच वळलेली खाच होती.

"तुम्हाला करंगळीपाशी टोचतं का?" मी विचारलं.

"टोचतं की. क्लबातल्या सगळ्या डावखुऱ्यांना टोचतं. आम्हाला वाटलं, डाव्यांचं असंच असतं."

मी माझा हात पुढे केला. बसवालीने आधी हाताकडे पाहिलं, मग मुठीकडे. कप्तानांना जरा वेळ लागला.

"म्हणजे वीस वर्षं आमचे डावखुरे तुमची करंगळी धरून फिरताहेत!" ते म्हणाले आणि खुर्चीत बसून खो खो हसत सुटले. बसवालीही हसली. मलाही हसू आलं, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. एवढा चोख कारागीर, केसाच्या फरकासाठी दिवस घालवणारा. पण डावा हात म्हणजे माझा हात, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मी मूठ टेबलावरच्या शिकंज्यात धरली आणि फडक्यातून कानस बाहेर काढली.

"नका," बसवाली म्हणाली. "त्यांच्या हातचं आहे. टोचलं तर टोचलं."

"त्यांनी ही तुमच्यासाठी ठेवली होती ना?"

"हो."

"मग करंगळी द्या इकडे."

कानशीचा दांडा बाबांच्या उजव्या हाताने झिजलेला. माझ्या डाव्या हातात तो नीट बसेना. उलटा धरला तेव्हा जमलं. थोडं घासायचं, तिच्या हातात द्यायचं, डोळे मिटवायचे, पुन्हा घासायचं. अक्रोडाचा भुसा टेबलावर पडत गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बस डेपोत लावून ती तशीच आली, हात उचलला, डोळे उघडले. वीस वेळा उचलला. मग म्हणाली, "मध्ये."

शनिवारी मी वर गेले नाही. तळघरात बसून छतातून येणारे आवाज मोजत राहिले. दुपारी ती उतरली, पिस्तूल उघडं करून माझ्यासमोर ठेवलं आणि गुणांचा कागद त्यावर ठेवला. पाचशे बासष्ट.

"मान?" मी विचारलं.

"आखडलीच नाही."

तिच्यामागे कप्तान आले. "नोंदणीच्या कागदावर मूठ कोणाची ते लिहायचंय. मिस्त्रींचं नाव घालतो."

"घाला," बसवाली म्हणाली. "आणि 'व मुलगी' असंही लिहा. दोघांनी केलीय."

कप्तानांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तिथेच, माझ्या टेबलावर कागद ठेवून लिहिलं.

जिन्यावर आणखी पावलं वाजली. तिघं जण रांगेत उभे होते, एक आजोबा आणि दोन मुली. प्रत्येकाच्या हातात आपापली डावी मूठ, स्क्रू काढून आणलेली.

"आमच्याही करंगळ्या सरळ आहेत म्हटलं," आजोबा म्हणाले.

मी गुंडाळलेल्या बाकीच्या कानशी सोडून टेबलावर ओळीने लावल्या. मग जुडगा उचलला आणि आजोबांकडे फेकला.