मी धुतलेला निळा गणवेश

मी एक वॉशिंग मशीन. स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत माझा मुक्काम. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, जन्मभर कपडे घुसळायचे, दुसरं काय! पण या घरात मला टक लावून बघणारा माणूस भेटला.

त्याला सगळे राजा म्हणतात. वय सव्वीस, उंची दाराला टेकेल एवढी. तो स्वमग्न आहे. मोजकंच बोलतो, गोंगाट त्याला सोसत नाही, आणि रोजचा क्रम चुकला की पार सैरभैर होतो. माझ्या गोल काचेतून फिरणारे कपडे मात्र मन लावून बघतो. आई भाजी चिरता चिरता म्हणायची, "टीव्हीपेक्षा हीच बरी. जाहिराती तरी नसतात!"

साथ आली आणि राजाची कार्यशाळा बंद झाली. तिथे तो कागदी पिशव्या चिकटवायचा. सकाळी तयार होऊन तो दारात उभा राहायचा. आई सांगायची, "आज सुट्टी." उद्याही सुट्टी, परवाही सुट्टी. तो स्वतःच्या हाताला कडकडून चावायचा. आई त्याला धरून जमिनीवर बसून राहायची.

त्यात त्याची ताई नर्स. ती मागच्या दाराने यायची, अंघोळ करायची, निळा गणवेश माझ्या पोटात टाकायची आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. पूर्वी ती राजाला घट्ट मिठी मारायची, तेवढ्याने तो शांत व्हायचा. आता मिठी बंद. का, हे त्याला कसं समजवायचं? पण मी सुरू झाले की तो धावत यायचा. काचेवर हात ठेवून म्हणायचा, "ताई आली."

"आले रे राजा!" ताई दाराआडून ओरडायची. तेवढ्यावर त्याचा दिवस निभायचा.

मग ताईलाच आजाराने गाठलं. तिला इस्पितळातच ठेवून घेतलं. राजा माझ्यासमोर बसून राहिला. जेवेना, झोपेना. एके दिवशी तो उठला, ताईच्या कपाटातून इस्त्रीचा गणवेश काढला आणि माझ्यात कोंबला.

"अरे, तो धुतलेला आहे!" आई ओरडली. "ताई नाहीये घरात!"

"ताई आली," तो म्हणाला. मग रडवेल्या आवाजात, "ताई आली?"

 आईने डोळे पुसले, पावडर घातली आणि माझं बटण दाबलं.

"येईल," ती म्हणाली. "आपण धुऊन ठेवू."

तेव्हापासून तो स्वच्छ गणवेश मी रोज धुतला. खालच्या मजल्यावरचे काका माझ्या घरघरीची तक्रार घेऊन आले. आईने सगळं सांगितलं. संध्याकाळी ते पावडरचं पाकीट गुपचूप दारात ठेवून गेले.

ताई परतली ती अर्धी होऊन. पण आता जवळ यायला हरकत नव्हती. दोरीवरचा गणवेश बघून ती म्हणाली, "आई, हा निळा होता ना? पार पांढरा पडलाय!"

"विचार तुझ्या भावाला."

 राजा वाकला आणि सरळ तिच्या कुशीत शिरला. आई हातातला चहा विसरून बघत राहिली.

आता मी म्हातारी झालेय. कपडे पिळताना बाल्कनीभर नाचते. दुरुस्तीवाला म्हणतो, "नवीन घ्या." त्याचं खरंही असेल. पण मला खंत नाही. घरातल्या सगळ्यांचा धीर खचला तेव्हा त्यांनी माझ्यासारख्या पत्र्याच्या डब्यावर भरवसा ठेवला, हे किती मशिनांच्या वाट्याला येतं? तुमच्या शेजारी असं कुणी ओरडत-रडत असेल, तर कपाळाला आठ्या घालण्याआधी काकांसारखं नीट ऐकून घ्या, एवढंच मागणं.

बरं, थांबते. जिन्यात राजाची पावलं वाजतायत. कार्यशाळेतून आला की त्याला खळीने चिकट झालेला रुमाल लगेच धुऊन लागतो.