गुगल्या

खिदिरपूरच्या सरकारी क्वार्टरमागे, जाळीच्या खुराड्यात सात बदकं होती आणि कार्तिकापासून त्यांची सगळी भिस्त कालिंदीवर होती. तिचे वडील, कस्टम्समधले दिगंबर आठल्ये, त्याच महिन्यात गेले. नागपूरच्या शाळेतून रजा काढून ती आली तेव्हा ते इस्पितळात होते. चार दिवस मिळाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली: ‘बदकांना रोज सकाळी गुगल्या, वर तांदळाचा कोंडा. अंडी थांबू देऊ नकोस. जागा सोडताना सुहासिनीच्या हवाली कर.’

‘गुगल्या’ या शब्दापाशी कालिंदी अडली. ज्या माणसाने तिला ऱ्हस्वदीर्घ शिकवलं, त्याच्या हातून आता अक्षरंसुद्धा निसटत होती. वह्या तपासायच्या सवयीने तिने तो शब्द मनातल्या मनात दुरुस्त केला: घुगऱ्या.

मग ते व्रतच झालं. सियालदहच्या घाऊक बाजारातून हरभरे आणायचे, भिजत घालायचे, पहाटे उकडायचे, निवले की कोंड्यात कालवून खुराड्यात ठेवायचे. बदकं चोचीने चिवडत, अर्धं सांडत. आठवड्याभरात अंडी मऊ पडू लागली, कवचच नाही, नुसता ओला पापुद्रा. पुढे तीही थांबली.

सुहासिनी दर बुधवारी यायची. पन्नाशीची विधवा बाई, फाळणीत बारीसालहून आलेली. सियालदहच्या फलाटावर दिवस काढत असताना तिने बदकांची एक जोडी दिगंबररावांच्या अंगणात आणून ठेवली होती. सांभाळायचे ते आणि अंडी न्यायची ती, असं त्या दोघांचं ठरलेलं. आता तिला निर्वासितांच्या वसाहतीत खोपटापुरती जागा मिळाली होती. कालिंदी मास्तरीण, म्हणून तिला ती दिदीमणी म्हणायची.

“काय दिदीमणी, आज तरी?” तिने आपल्या बंगाली-हिंदीत विचारलं.

“नाही.”

“सगळ्याच जणी संपावर? कलकत्त्याचं पाणी लागलं म्हणायचं यांना!”

कालिंदीने विचारलं, “अशीच नेलीत तर?”

“खोटं कशाला सांगू? घरात खाणारी चार तोंडं. अंडं देणारीला मी माझ्या ताटातलं घालीन. न देणारीला खाटकाचा बाजार.” तिच्या आवाजात कठोरपणा नव्हता. बाहेर ऊन आहे म्हणावं, तसं तिने ते सांगितलं.

पौष संपता जागा सोडायची होती. हातात चार आठवडे होते. विचारायचं कुणाला? ऑफिसातले लोक येऊन इंग्रजीत हळहळून गेले होते. भवानीपूरच्या एका मराठी घरी ती जाऊन आली. तिथे चहा मिळाला, मुलं मात्र तिच्याशी बंगालीतच बोलली. दिवसचे दिवस तिच्या तोंडून मराठी शब्द निघायचा तो फक्त जाळीपाशी. “खा गं. त्यांनी सांगितलंय ना,” ती म्हणायची. बदकं मान तिरकी करून बघायची आणि पाण्याच्या घमेल्याकडे वळायची.

पुढच्या बुधवारी सुहासिनी सकाळीच उगवली. कालिंदीच्या हातात पातेलं होतं.

“हे काय?”

“घुगऱ्या. बाबांनी लिहून ठेवलंय.” तिने चिठ्ठी आणून, होती तशी वाचून दाखवली, “रोज सकाळी गुगल्या...”

“गुगली! तेच तर! मग गुगली कुठाय?” सुहासिनी भिंतीपलीकडच्या तळ्यावर गेली आणि ओली मूठ घेऊन परतली. मुठीत काळपट, सुपारीएवढ्या गोगलगाई होत्या. “ही गुगली. तू एवढी शिकलेली, आणि बदकांना चणे? बारसं होतं का त्यांच्याकडे?” ती पदराने डोळे पुसत हसत सुटली. मग कालिंदीचा चेहरा बघून थांबली.

“बाबा हे घालायचे? ते तर मुंगीसुद्धा...”

“रोज. टोपलीभर वेचायचे. फुकटचा खुराक, मांस नि कवच दोन्ही त्यातच, असं मलाच समजावायचे, जसं काही मला ठाऊक नव्हतं! विटेवर ठेवून विटेने कुटायचे. दर घावाला म्हणायचे, शिब-शिब, शिब-शिब. मला वाटलं, तुमच्या भाषेत गुगलीला तेच नाव आहे. माझी नातवंडं आता शिब-शिबच म्हणतात.”

शिव शिव! कालिंदीला हसू फुटलं. कार्तिकानंतर पहिल्यांदाच, आणि ते तिला आवरेना. त्यांच्या हातून काही निसटलं नव्हतं. इथला शब्द घेऊन त्यांनी त्याचं नीट अनेकवचन केलं होतं, इतकंच. नको तो शहाणपणा तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यात पोटरीभर उतरली. पौषातलं पाणी हाडात शिरत होतं. पहिल्या घावाला तिने डोळे मिटले आणि बोट चेचून घेतलं. मग उघडे ठेवावे लागले. बदकं जाळीवर तुटून पडली. दहाव्या दिवशी एक अंडं, मऊच. चौदाव्या दिवशी दोन, चांगली टणक. मग रोज चार-पाच.

शेवटच्या बुधवारी सुहासिनीने एक अंडं नखाने वाजवून पाहिलं आणि मान डोलावली. टोपल्या भरल्या. “चोई चोई,” तिने नुसती हाक घातली, तर बदकं आपणहून तिच्या पायाशी आली. कालिंदीकडे एकीनेही वळून पाहिलं नाही.

“तू नागपुरात कुणाकडे राहतेस, दिदीमणी?”

“वसतिगृहात. एकटी.”

सुहासिनीने टोपलीतली दोन अंडी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. “खा. हाडं दिसताहेत तुझी.”

टोपल्या वळणाआड गेल्या. इतकी वर्षं बदकं पाळूनही या शाकाहारी घराच्या उंबऱ्याआत कधी अंडं आलं नव्हतं. फेकवत नव्हतं, आत नेववत नव्हतं. अंडी अजून कोमट होती. कालिंदी पायरीवर बसली आणि ती गार होईपर्यंत तशीच बसून राहिली.